‘मॅडम, मी काय लिखू?’ : लिंक्डइन आणि आपलं आत्मकथन

(मराठी भाषा गौरव दिनानिमित्त हजीरा येथे मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संयोजकांचा फोन आला आणि त्यांनी विषय सांगितला, ‘लिंक्डइनचा प्रभावी उपयोग’, तेव्हा मी त्यांना म्हटलं, तुमचा नंबर चुकला. मी नंदुरबारच्या बाजूला मराठी शिकवते. तुम्हाला संगणक विभागातलं कुणीतरी हवं असेल. ते म्हणाले, “मॅडम, त्यांना मागच्या वर्षी बोलावलं होतं. त्यांनी कोणतं बटण कुठे आहे ते छान दाखवलं. पण बटणं आमच्या पोरांना येतातच. पुढे जी रिकामी चौकट उघडते, तिच्यात लिहायचं काय, तिथे सगळे अडतात.” यावर मला नाही म्हणता येईना. माणूस स्वतःविषयी काय लिहितो, काय लपवतो आणि कुठे अडखळतो, हाच माझ्या प्रबंधाचा विषय होता. एकोणिसाव्या शतकातली मराठी आत्मचरित्रं वाचण्यात माझी पाच-सहा वर्षं गेली आहेत.

आणि सुरतेत येऊन या विषयावर बोलायचं तर दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं नाव घ्यावंच लागतं. १८३६ साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध करणारे दादोबा पुढे या सुरत शहरात इंग्रजी शाळेत शिकवत होते. इथेच १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आणि इतर मित्रांबरोबर त्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, मराठीतल्या अगदी पहिल्या आत्मचरित्रांपैकी ते एक. पण ते पुस्तकरूपाने वाचकांच्या हाती आलं १९४७ मध्ये, अ. का. प्रियोळकरांनी संपादित केल्यावर, म्हणजे दादोबा गेल्यानंतर पासष्ट वर्षांनी. सुरतेचे सुपुत्र कवी नर्मद यांनी ‘मारी हकीकत’ १८६६ मध्ये लिहिली, मोजक्या प्रती मित्रांपुरत्या छापून घेतल्या. सर्वसामान्य वाचकाला ती मिळाली १९३३ मध्ये. व्याकरणकाराला आणि कवीलाही स्वतःविषयी लिहिलेलं लगेच चव्हाट्यावर मांडावंसं वाटलं नाही. मग रात्रपाळी करून आलेल्या बावीस वर्षांच्या मुलाची बोटं मोबाइलवर थबकली तर त्याला आपण का हसावं?

लिंक्डइन मे २००३ मध्ये सुरू झालं, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं. २०२१ च्या अखेरीस ते हिंदीत आलं आणि आता त्याची बटणं, सूचना मराठीतही पाहता येतात. तुम्ही भाषा बदलून जरूर पाहा. अनुवादावर मला चार-दोन हरकती आहेत, पण त्या आज नकोत. मुद्दा एवढाच की चौकटीवरचं नाव मराठीत झालं म्हणून चौकट भरता येत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याचं नाव सांगत नाही, तो मागे बसलेला असू शकतो. आयटीआयमधून वेल्डरचा ट्रेड केला, नंतर हौसेनं बाहेरून बी.ए. मराठी केलं. वडील तापी व्हॅली लाइनने उधन्याला आले आणि लूमवर लागले. हा पुढे हजीऱ्याला आला. पाइप पंचेचाळीस अंशांत पक्का धरून, तो न फिरवता सगळीकडून जोड मारण्याची जी सिक्स-जी परीक्षा असते, ती पास आहे. दहा वर्षांहून जास्त अनुभव. कंत्राटदार बदलत गेले, काम तेच. एका दिवाळीत तो भेटायला आला आणि मोबाइल पुढे केला, “मॅडम, जरा बघा ना, चार वर्षं झाली, इथून कुणी विचारत नाही.”

मी वाचलं. नावाखाली इंग्रजीत लिहिलं होतं: कष्टाळू आणि समर्पित व्यावसायिक, आव्हानात्मक संधीच्या शोधात. खाली ‘परिचया’त आणखी आठ ओळी, सगळ्या तशाच. कुणी लिहून दिलं विचारलं तर म्हणाला, झेरॉक्सच्या दुकानात पन्नास रुपये घेतात. त्या दुकानात बायोडेटा करून घेणाऱ्या प्रत्येकाला त्याच आठ ओळी मिळत असणार. वेल्डरलाही त्याच, हिशेबनीसालाही त्याच. वर्गात निबंध तपासताना पन्नास वह्यांत ‘मानव हा समाजशील प्राणी आहे’ हे पहिलं वाक्य सापडतं, त्याची मला आठवण झाली. गाइडचं नाव वाचल्याशिवाय सांगता येतं.

मी त्याला म्हटलं, हे पुसून टाक. तू काय करतोस ते लिही. तो बराच वेळ गप्प बसला आणि अहिराणीत म्हणाला, “मॅडम, मी काय लिखू?”

हा प्रश्न आळसातून आलेला नव्हता. आपल्याकडे स्वतःबद्दल बोलण्याला मोठा अटकाव आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात, मूर्खलक्षणांच्या समासात, समर्थांनी आत्मस्तुती करणाऱ्याला मूर्खांच्या यादीत बसवलं आहे. ते न वाचलेल्या घरातही आजी तेच सांगते. उलट तुम्ही राहता त्या सुरतेची म्हण आहे, ‘बोले तेना बोर वेचाय’; जो ओरडतो त्याची बोरं विकली जातात. आपली मुलं या दोहोंच्या मधे सापडली आहेत. घरी शिकलं गप्प राहायला, बाजार म्हणतो ओरड. मग ती उधारीच्या इंग्रजीत ओरडतात, कारण परक्या भाषेत केलेली आत्मस्तुती आपल्याला स्वतःला ऐकू येत नाही. ‘मी अत्यंत समर्पित आहे’ हे वाक्य मराठीत आईसमोर म्हणून पाहा. जीभच वळणार नाही.

मला वाटतं, समर्थ आणि बोरवाली दोघांनाही बाजूला ठेवून तिसरी वाट धरता येते. ती म्हणजे साक्ष. कोर्टात साक्षीदार स्वतःची स्तुती करत नाही आणि लाजतही नाही. कुठे होतो, केव्हा होतो, काय पाहिलं, काय केलं, एवढं सांगतो; जे आपण केलं नाही ते आपल्या नावावर घेत नाही. चांगली आत्मचरित्रं अशीच असतात, आणि लिंक्डइनचं चांगलं पानही असंच असतं.

मी त्याला म्हटलं, मोबाइल ठेव बाजूला. दिवसभरात काय करतोस ते सांग मला, मला वेल्डिंगमधलं काही कळत नाही असं धरून. (धरायची गरज नव्हती.) तो बोलायला लागला. आर्गॉन कसा सोडायचा, पहिला थर, ज्याला ते रूट म्हणतात, तो का महत्त्वाचा, दोन थरांच्या मधे स्टेनलेस स्टील किती निवू द्यायचं, घाई केली तर काय होतं, एक्स-रेमध्ये दोष निघाला की जोड कापून पुन्हा कसा करतात. वीस-पंचवीस मिनिटं. एकही वाक्य अडलं नाही. मग म्हणाला, माझ्याकडे डायरी आहे. एलआयसीची जुनी डायरी. तारीख, जाडी, कोणती वायर, एक्स-रेचा निकाल. रोजचं. त्याचा पहिला उस्ताद म्हणायचा, लिहून ठेव, उद्या कुणी तुझ्यावर ढकललं तर कागद बोलेल.

डायरीतला एक मोठा तुकडा ज्या कामाचा होता, ते ऐकून मी चाट पडले. फ्रान्समध्ये कादाराश इथे ‘इटर’ नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प उभा राहतो आहे, सूर्यात जशी ऊर्जा तयार होते तशी अणुसंलयनाने तयार करून पाहायचा. भारत त्यात भागीदार आहे. त्या अणुभट्टीला बाहेरून वेढणारं जे प्रचंड पात्र आहे, क्रायोस्टॅट, ते इथे, लार्सन अँड टुब्रोच्या हजीरा कारखान्यात तयार झालं. सुमारे तीस मीटर उंच, जवळपास तेवढंच रुंद, वजन ३,८५० टन. अख्खं नेणं शक्यच नव्हतं. चोपन्न भागांत ते घडवलं, समुद्रमार्गे फ्रान्सला गेलं आणि तिथे जोडलं गेलं. शेवटचे भाग २०२० च्या जूनमध्ये इथून निघाले. त्यातल्या काही जोडांवर माझ्या विद्यार्थ्याचा हात फिरला आहे. आणि त्याच्या पानावर लिहिलं होतं: आव्हानात्मक संधीच्या शोधात!

इथे कुणी म्हणेल, कंपनी मोठी, काम मोठं, त्यात एका कंत्राटी वेल्डरचं काय? पण अडचण इथेच आहे. कायम नोकरीतल्या माणसाची नोंद कंपनीकडे असते. कंत्राटी माणसाची नोंद कंत्राटदाराकडे, आणि कंत्राटदार तीन वर्षांनी दुकान बंद करून गेलेला असतो. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आल्यापासून निदान कोणत्या महिन्यात कुणाकडे होता ते कळतं. पण तिथे ‘अमुक एंटरप्राइज’ एवढंच दिसतं. काय केलं, कसं केलं, याचा पत्ता नाही. अनुभवाचा दाखला मागायला गेलेल्या या मुलाला एका कंत्राटदाराने सहा महिने फिरवलं आणि शेवटी दिलेल्या कागदावर ‘हेल्पर’ लिहिलं. दहा वर्षांच्या कौशल्याला साक्षीदार उरला नाही. असा माणूस जेव्हा लिंक्डइनवर पान उघडतो, तेव्हा तो मिरवत नाही. स्वतःची नोंद स्वतः ठेवतो.

आम्ही दोघांनी मिळून आधी मराठीत चार वाक्यं केली, मग ती इंग्रजीत नेली. हा क्रम मी सगळ्यांना सुचवते. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की तयार वाक्यं धावून येतात. मराठीत आधी लिहिलं की खोटं लगेच खटकतं. पण मराठीतली आपली एक खोड मात्र मोडावी लागते: कर्मणी प्रयोगाची. ‘काम करण्यात आले’, ‘जबाबदारी पार पाडण्यात आली’. कुणी केलं? सरकारी परिपत्रकात कर्ता लपवण्याची सोय असते, तुम्हाला ती नको. दुसरी खोड ‘आम्ही’ची. त्यानं लिहिलं, ‘आम्ही पात्र बनवलं’. मी विचारलं, तू काय बनवलंस? मग वाक्य झालं: ‘क्रायोस्टॅटच्या फॅब्रिकेशनमध्ये कंत्राटदारामार्फत वेल्डर होतो, जाड स्टेनलेस स्टील प्लेटचे जोड टिग पद्धतीने मारले.’ एवढंच. यात बढाई नाही आणि संकोचही नाही.

आता थोडं तंत्र, भराभर. नावाखालच्या ओळीत २२० अक्षरं मावतात. तिथे स्वभाव लिहू नका, धंदा लिहा: ट्रेड, पद्धत, प्रमाणपत्र, वर्षं. माणसं शोधणारा शब्दाने शोधतो, आणि ‘समर्पित’ हा शब्द कुणी शोधत नाही. परिचयाच्या पहिल्या दोन-तीन ओळीच आधी दिसतात, बाकीचं वाचायला टिचकी मारावी लागते, म्हणून मुख्य गोष्ट वर. नाव पासपोर्टवर आहे तसंच ठेवा. हे सांगायला सोपं, पण आपल्याकडे एका माणसाची तीन नावं असतात. शाळेच्या दाखल्यावर धुळ्याचं स्पेलिंग, आधारवर दुसरं, आणि सुरतेत मिळालेल्या कागदांवर बापाच्या नावाला ‘भाई’ चिकटलेला. समोरच्याने कागद मागितले की घोळ होतो.

फोटो टाकताना सांभाळा. हजीऱ्याच्या बहुतेक कारखान्यांत आत मोबाइलचा कॅमेरा चालत नाही, काही ठिकाणी तर संरक्षण खात्याचं काम चालतं. कुणी हौसेनं जॉबसमोर उभं राहून काढलेला फोटो टाकतो आणि गेटपास जातो. डायरीतले जोड-क्रमांक, ड्रॉइंगचे तपशील हे मालकाचे. ते पानावर येता कामा नयेत. जे वर्तमानपत्रात छापून आलेलं आहे तेवढंच कामाचं नाव घ्यायचं, आणि आपलं कौशल्य आपल्या शब्दांत. नोकरी शोधत असल्याची खूण फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल अशी ठेवता येते. तरीही आताच्या मालकाला कळणारच नाही याची हमी ते संकेतस्थळ देत नाही, हे लक्षात ठेवून काय ते ठरवा.

शिफारशीचं एक कलम तिथे आहे. आपले लोक ते रिकामं ठेवतात, मागायला लाजतात. शटडाउनचं काम संपलं की त्याच आठवड्यात सुपरवायझरला दोन ओळी लिहायला सांगा. वर्षानं सांगितलं तर तो ‘चांगला मुलगा आहे’ लिहील. आठवड्यात सांगितलं तर त्याला रात्री अडीच वाजता काय झालं होतं ते आठवेल.

आता ओळखींबद्दल. आपण तिथे कुणाला जोडतो? चुलतभाऊ, मेहुणा, गल्लीतला मित्र. त्यांना तर आपण रोज भेटतो, आणि त्यांना माहीत असलेली नोकरी आपल्यालाही माहीत असते. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हेच दाखवलं. नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं तर बातमी जवळच्या मित्रांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून आलेली असायची. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्याच दोन कोटी वापरकर्त्यांवर पाच वर्षं केलेल्या प्रयोगांचा निबंध आला. त्यातही हेच निघालं, एका दुरुस्तीसह: अगदीच अनोळखी माणसाचा उपयोग कमी, थोडी ओळख असलेल्याचा जास्त. आपल्या भाषेत सांगायचं तर सोयरा नको आणि परकाही नको. एकेकाळी एका शेडमध्ये काम केलेला, आता जामनगरला किंवा मस्कतला गेलेला माणूस. त्याला शोधा. आणि जोडणीची विनंती पाठवताना कोरी पाठवू नका. ‘तुम्ही नाइटला होता तेव्हा मी तुमच्या हाताखाली होतो’ एवढं एक वाक्य लिहा. नातं सांगितल्याशिवाय आपण कुणाच्या ओसरीवर तरी चढतो का?

माझ्या विद्यार्थ्याचं पुढे काय झालं, हे तुम्हाला ऐकायचं असेल. पान बदलल्यावर चार महिने काही झालं नाही. मग पहिला निरोप आला तो आखातातल्या नोकरीचा, मोठा पगार, आणि ‘व्हिसाची फाइल’ उघडायला चाळीस हजार आजच पाठवा. त्यानं बायकोच्या सोन्याचा विचार सुरू केला होता. योगायोगानं मला फोन केला म्हणून वाचला. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो, नोंद सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते, आणि त्याला घेता येणारं शुल्क तीस हजार रुपये अधिक जीएसटी, तेही पावतीवर. एवढं विचारताच पलीकडचा माणूस गायब झाला. म्हणून या संकेतस्थळावर दिसणारा प्रत्येक कोटवाला खरा मानू नका.

त्यानंतर दोन महिन्यांनी त्याच्या जुन्या सुपरवायझरने, ज्याच्याशी सहा वर्षांत बोलणं नव्हतं, त्याचं पान पाहून विचारलं, तू तोच का? आज तो वेल्डिंग इन्स्पेक्शनच्या कामाला आहे. अंगावर हेल्मेट तेच, हातात टॉर्चऐवजी गेज. पगार किती ते मी विचारलं नाही.

ही गोष्ट सगळ्यांची होईल असं मी सांगणार नाही. रिगर, हेल्पर, हाउसकीपिंग यांची भरती आजही गेटवर आणि कंत्राटदाराच्या व्हॉट्सॲप गटावर होते. तिथे लिंक्डइनचा फार उपयोग नाही. ज्याच्याकडे प्रमाणपत्र, विशिष्ट पद्धत किंवा कागदावरचं काम आहे, म्हणजे वेल्डर, एनडीटी तंत्रज्ञ, सेफ्टी, ड्राफ्ट्समन, प्लॅनिंग, स्टोअर्स, त्याला आहे.

आणि समोर काही शिक्षक, काही लिहिणारे बसले आहेत, त्यांनाही सांगते: हे फक्त कारखान्याचं साधन समजू नका. अनुवाद, मुद्रितशोधन, उपशीर्षकं, पाठ्यपुस्तकांचं संपादन अशी मराठीची कामं देणारे लोक तिथे आहेत, आणि आपले एम.ए. झालेले विद्यार्थी तिथे नाहीत. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. त्या शाळांत शिकवणाऱ्या किती जणांनी आपण वर्गात काय करून पाहिलं हे कुठे लिहिलं आहे? गुजराती परिसरात, घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठी शिकवणं ही सोपी गोष्ट नाही. महिन्यातून एकदा दहा ओळी लिहा, आणि मराठीतच लिहा. वाचणारे थोडे असतील, पण जे असतील ते कामाचे असतील.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, याबद्दल आज सकाळपासून इथे चार भाषणं झाली आहेत. म्हणून मी त्यावर बोलत नाही.

संयोजकांनी तुम्हा प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आहे. मोबाइल खिशात राहू द्या, आज त्याचं काम नाही. कागदाच्या वरच्या ओळीवर पासपोर्टवर आहे तसं नाव लिहा. खाली गेल्या महिन्यातला एक दिवस निवडा, ज्या दिवशी काम अडलं होतं आणि तुमच्या हातून सुटलं. मराठीत लिहा, अहिराणीत सुचलं तर अहिराणीत. ‘मी’ने सुरुवात करा. पंधरा मिनिटं आहेत. मी टेबलांमधून फिरते आहे, कुणाचं अडलं तर हात वर करा. आणि मागच्या रांगेतले, तुम्ही डायरी आणली आहे ना?